ग्राइंडरवरचा तोच शेरा दर महिन्याला: शेवटी असा बंद झाला

लक्षण: सुरक्षा पाहणीत बेंच ग्राइंडरवर ‘वर्क रेस्ट आणि व्हीलमधलं अंतर जास्त’ असा शेरा. (वर्क रेस्ट म्हणजे घासायची वस्तू टेकवायचा व्हीलसमोरचा आधार.) रजिस्टरमध्ये ‘पूर्ण’, पुढच्या पाहणीत पुन्हा हजर. टूलबॉक्स टॉक (कामगारांशी सुरक्षेवर छोटी चर्चा) झाला, बोर्ड लागला, मेंटेनन्सला मेल गेले. रजिस्टर हिरवंगार आणि अंतर 3 ऐवजी 8 मिमी, डोकं फिरायची वेळ!

कारण साधं आहे. व्हील झिजतं, म्हणून अंतर वाढतच जातं. एकदा जुळवून शेरा बंद करणं इथे चालत नाही. त्यात पाना स्टोअरमध्ये, आणि जबाबदार कोण तर ‘मेंटेनन्स’, म्हणजे कुणीच नाही.

आधी बंद नोंद पुन्हा उघडली. मग 3 आणि 6 मिमी जाडीच्या दोन लोखंडी पट्ट्या आणि बोल्टच्या मापाचा पाना साखळीने स्टँडलाच अडकवला. शिफ्टच्या सुरुवातीला मेन स्विच बंद करून कुलूप, व्हील पूर्ण थांबू द्यायचं. 3 ची पट्टी रेस्टपाशी सैल गेली की रेस्ट पुढे घ्यायचा. वरच्या टंग गार्डला (व्हीलच्या वरच्या बाजूची सरकती संरक्षक पट्टी) तसंच, पण 6 ची पट्टी. बोल्ट आवळून व्हील हाताने एक फेरा फिरवायचं, घासलं तर पुन्हा जुळवणी. रेस्ट पूर्ण पुढे आणूनही फट राहिली, तर व्हीलच बदला.

नोंदीत विभागाऐवजी एका माणसाचं नाव. ‘पूर्ण’ लिहायचं ते 30 दिवसांनी, दुसऱ्याने त्याच पट्ट्यांनी मोजल्यावर. फोटो पुरावा धरू नका. फोटोत 3 आणि 5 मिमी सारखेच दिसतात.