रुग्णाचे घर नकाशावर नेमके कसे मांडावे

आपल्याकडच्या खेड्यांतील रुग्णनोंदवहीत पत्ता बहुधा ‘मु. बोरगाव, पो. पिंपळगाव, जि. यवतमाळ’ अशा धर्तीवर लिहिलेला असतो. त्यातले ‘मु.’ हे राहण्याचे गाव आणि ‘पो.’ हे टपाल कार्यालयाचे. पत्ता जसाच्या तसा संगणकाला दिला तर बिंदू पुष्कळदा पोस्टाच्या गावावर किंवा पिनकोड क्षेत्राच्या मध्यावर पडतो आणि रुग्ण काही किलोमीटर दूर जाऊन बसतो. म्हणून गाव, तालुका आणि वस्ती आधी वेगवेगळ्या रकान्यांत लिहावी व गावापुढे जनगणनेचा ग्रामसंकेतांक नोंदवावा, कारण एकाच नावाची गावे अनेक तालुक्यांत आहेत आणि लिहिताना खुर्द-बुद्रुक हमखास गळते.

किती अचूकता हवी, हे प्रश्नावर ठरते. प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंतचे अंतर मोजायचे असेल तर गावठाणाचा मध्य बहुधा चालतो; पण पाण्यातील फ्लोराइडचा अभ्यास असेल तर दोनशे मीटरच्या चुकीनेही घर भलत्याच हातपंपाशी जोडले जाते. अशा वेळी आशाताईंना सोबत घेऊन दारापर्यंत जावे, टिनाच्या छपराखाली नव्हे तर मोकळ्या अंगणात उभे राहून फोनवरील जीपीएसच्या अचूकतेचा आकडा स्थिरावू द्यावा आणि तो आकडाही लिहावा. अक्षांश-रेखांश दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत घ्यावेत; चौथ्या स्थळाचा एक अंक जमिनीवर सुमारे 11 मीटर असतो. अक्षांशाच्या रकान्यात 78, म्हणजे यवतमाळकडचा रेखांश, दिसला तर आकड्यांची अदलाबदल झाली आहे.

बाळंतपणाला आलेली लेक माहेरचा पत्ता सांगते आणि जागलीला जाणारा माणूस हंगामात शेतावरच झोपतो. त्यामुळे मागचे वर्षभर मुक्काम कुठे होता, हे विचारल्याखेरीज बिंदू लावू नये.

मला सर्वांत गंभीर वाटते ती न सापडलेल्या पत्त्यांची बाब. कोलाम आदिवासींचे पोड म्हणजे छोट्या वस्त्या, बंजाऱ्यांचे तांडे आणि शेतातली एकाकी घरे नकाशातून आधी गळतात; ती वगळून विश्लेषण केले तर ज्यांच्यापर्यंत आरोग्यसेवा मुळातच कमी पोचते, तेच हिशेबातून जातात. प्रत्येक बिंदूपुढे तो दारातून, गावाच्या मध्यावरून की पिनकोडवरून घेतला, हे नोंदवावे. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काही घरी पुन्हा जाऊन प्रत्यक्ष अंतराचा फरक मोजावा आणि तो गावठाण व पोड यांच्यासाठी वेगळा मांडावा. प्रसिद्ध करायच्या नकाशात मात्र घराचा बिंदू दाखवू नये. वीस घरांच्या पोडावर तो कोणाचा, हे सगळे ओळखतात.