इन्फिनिबँडवरून सर्व्हरला स्टोरेज कसं जोडायचं: सुरुवात तळापासून

रॅकमध्ये इन्फिनिबँडचा, म्हणजे सर्व्हर एकमेकांना जोडणाऱ्या अतिशय वेगवान जाळ्याचा, स्विच आधीच आहे, कॉम्प्युट सर्व्हर सगळे त्याच्यावरच आहेत, आणि आता वरून फर्मान आलंय की स्टोरेज पण याच जाळ्यावरून द्या, वेगळं फायबर चॅनल (फक्त स्टोरेजसाठीचं जाळं) घ्यायला बजेट नाही. घाबरायचं काही कारण नाही, इन्फिनिबँड काढलंच होतं त्यासाठी. १९९९ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट, सन यांचा एक गट आणि कॉम्पॅक, आयबीएम, एचपी यांचा दुसरा, असे दोन्ही गट एकत्र आले, २००० साली पहिलं स्पेसिफिकेशन निघालं, आणि कल्पना अशी होती की नेटवर्क, स्टोरेज, क्लस्टर सगळं एकाच केबलवरून जाईल. सगळीकडे तसं झालं नाही, ते जास्त करून सुपरकॉम्प्युटरमध्येच टिकलं. पुण्यात सी-डॅकचा परम सिद्धी-एआय आहे ना, नोव्हेंबर २०२० च्या टॉप५०० यादीत ६३ वा आलेला, त्याच्या पोटात पण २०० गिगाबिटवालं इन्फिनिबँडच आहे.

बहुतेक जण घोळ घालतात तो एकाच ठिकाणी, सगळ्यात वरून सुरुवात करतात, म्हणजे पहिल्याच दिवशी स्टोरेज कनेक्ट करायची कमांड मारतात आणि ती चालली नाही की दोन दिवस ड्रायव्हर बदलत बसतात. एकेक थर खालून तपासत या, खालचा पक्का झाल्याशिवाय वरच्याला हातच लावायचा नाही. खाली जे लिहितोय ते लिनक्सचं आहे.

आधी कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये बसलंय ते बघा, हे कोणी बघत नाही. १०० गिगाबिटचं ईडीआर कार्ड (ईडीआर, एफडीआर, क्यूडीआर ही इन्फिनिबँडच्या पिढ्यांची नावं) पीसीआय एक्स्प्रेस जेन ३ च्या आठ लेनच्या स्लॉटमध्ये टाकलं तर ६३ गिगाबिटच्या आसपासच मिळणार, मग स्विच कितीही भारी असू दे. एलएसपीसीआय कमांडच्या सविस्तर आउटपुटमध्ये लिंक स्टेटसची ओळ असते, तिथे स्पीड आणि विड्थ दोन्ही दिसतात. जुनं क्यूडीआर असेल तर ४० हा आकडा फक्त खोक्यावरचा, एन्कोडिंगमध्ये पाचवा हिस्सा जातो आणि डेटाला ३२ च उरतात. एफडीआरपासून, म्हणजे ५६ गिगाबिटपासून, एन्कोडिंग सुधारलं, त्यामुळे सेकंडहँड घेणार असाल तर निदान एफडीआर तरी घ्या. अजून एक, मेलानॉक्सची (२०२० पासून एनव्हिडियाची) व्हीपीआय कार्डं इथरनेट आणि इन्फिनिबँड दोन्ही बोलतात आणि कधीकधी इथरनेट मोडमध्येच येतात, तेव्हा एमएसटीकॉन्फिग वापरून पोर्टचा लिंक टाइप १ करायचा, १ म्हणजे इन्फिनिबँड आणि २ म्हणजे इथरनेट, आणि मग रीबूट.

आता आरडीएमए-कोअर, इन्फिनिबँड-डायग्ज आणि परफटेस्ट ही पॅकेजं टाका आणि आयबीस्टॅट चालवा. या एका कमांडमध्ये अर्धं निदान होतं. फिजिकल स्टेट 'पोलिंग' दिसत असेल तर केबलचा किंवा समोरच्या पोर्टचा प्रॉब्लेम. फिजिकल 'लिंकअप' आहे पण वरची स्टेट 'इनिशियलायझिंग' वर अडकून बसलीय, तर हार्डवेअर ठीक आहे, तुमच्याकडे सबनेट मॅनेजर चालू नाहीये. इथरनेटच्या सवयीने आलेल्या माणसाला हे झेपतच नाही, की केबल लावली, लाइट लागला, तरी नेटवर्क का नाही. इन्फिनिबँडमध्ये प्रत्येक पोर्टला एलआयडी म्हणजे स्थानिक पत्ता कोणीतरी द्यावा लागतो आणि स्विचमधले रस्ते पण कोणीतरी आखून द्यावे लागतात, ते काम सबनेट मॅनेजरचं. मॅनेज्ड स्विचमध्ये तो बरेचदा आतच असतो, फक्त चालू करावा लागतो, आणि अनमॅनेज्ड स्विच असेल तर एखाद्या सर्व्हरवर ओपनएसएम चालवायचं. स्टोरेज येणार असेल तर दोन ठिकाणी चालवा, एक मास्टर होतो, दुसरा स्टँडबाय. प्रायॉरिटी ० ते १५ मधली देता येते, मोठा आकडा जिंकतो, आणि दोन्हीकडे सारखीच असली तर लहान जीयूआयडीवाला (जीयूआयडी म्हणजे पोर्टचा कायमचा ओळख क्रमांक) मास्टर होतो. मास्टर कुठला व्हावा हे आपणच ठरवून ठेवावं, नाहीतर कोणीतरी टेस्टिंगसाठी लॅपटॉपसारख्या मशीनवर ओपनएसएम चालू करतो आणि तोच सगळ्या फॅब्रिकचा मालक होऊन बसतो. एसएमइन्फो मारलं की मास्टर कोण ते कळतं.

स्टेट 'ॲक्टिव्ह' झाली की लगेच पुढे पळू नका. आयबीलिंकइन्फो बघा, एखादी लिंक चार लेनऐवजी एकाच लेनवर किंवा कमी स्पीडवर आलेली असते आणि ती कुठेही बोंबलत नाही, गुपचूप हळू चालते. मग दोन सर्व्हरमध्ये आयबी-राइट-बीडब्ल्यू (वेग मोजायची टेस्ट) चालवा, एका बाजूला नुसतं, दुसऱ्या बाजूला समोरच्याचं नाव देऊन. मेमरी मिळत नाही असा एरर आला तर युजरची मेमलॉक लिमिट वाढवा, कारण आरडीएमए (सीपीयूला मधे न घेता थेट समोरच्याच्या मेमरीत वाचणं-लिहिणं) मेमरी पिन करून, म्हणजे जागेवर अडकवून, ठेवतं. थोडा वेळ लोड देऊन झाला की आयबीक्वेरीएरर्स. सिंबॉल एरर वाढत असतील तर केबल काढून परत घट्ट बसवा, तरी वाढले तर केबल बदला, तिच्याशी वाद घालत बसू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जाळं शेअर्ड आहे. एमपीआयवाले जॉब (अनेक सर्व्हरवर मिळून चालणारे प्रोग्रॅम) आणि तुमचं स्टोरेज एकाच स्विचवरून जाणार, तर कोण कोणाशी बोलू शकतो हे आधी ठरवा. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, आरडीएमए ट्रॅफिक कर्नलच्या फायरवॉलमधून जातच नाही, आयपीटेबल्समध्ये कितीही नियम लिहा, त्याला फरक पडत नाही. कुंपण घालायचं ते पार्टिशननेच. ओपनएसएमच्या पार्टिशन्स फाइलमध्ये स्टोरेजसाठी वेगळी पी-की (पार्टिशनचा क्रमांक) करा, स्टोरेजच्या पोर्टना फुल मेंबर ठेवा आणि सर्व्हरना लिमिटेड. लिमिटेड मेंबर एकमेकांशी बोलू शकत नाहीत, फक्त फुल मेंबरशी बोलतात, म्हणजे प्रत्येक सर्व्हर स्टोरेजपर्यंत पोचतो पण त्या पार्टिशनमधून शेजारच्या सर्व्हरमध्ये डोकावू शकत नाही. एमपीआयसाठी त्यांची वेगळी पी-की राहू द्या. मला तर ही सोय इथरनेटच्या व्हीएलॅनपेक्षा आवडते.

बँडविड्थचं पण तसंच. रात्री बॅकअप सुरू झाला की सिम्युलेशनवाले बोंब मारणार किंवा उलट, त्यामुळे ओपनएसएममध्ये क्यूओएस (कोणत्या ट्रॅफिकला किती वाटा ते ठरवायची सोय) चालू करून स्टोरेजच्या पी-कीला वेगळा सर्व्हिस लेव्हल द्या, तो वेगळ्या व्हर्च्युअल लेनवर टाका आणि लेनचं वजन ठरवा. १५ डेटा लेनपर्यंत स्पेसिफिकेशन परवानगी देतं, हार्डवेअरमध्ये बरेचदा कमी असतात, दोन-तीन वापरल्या तरी काम भागतं.

प्रोटोकॉल कुठला? नवीन काही उभं करत असाल तर सरळ एनव्हीएमई ओव्हर फॅब्रिक्स (एसएसडीशी बोलायचा एनव्हीएमई प्रोटोकॉल, पण जाळ्यावरून) घ्या, २०१६ साली स्पेसिफिकेशन आलं आणि लिनक्समध्ये ४.८ कर्नलपासून आहे. समोर जुना ॲरे (डिस्कचा मोठा खोका) आहे आणि तो फक्त एसआरपी (आरडीएमएवरून स्कझी) बोलतो, तर एसआरपी घ्या, जुना असला तरी दमदार आहे. आयसर (आरडीएमएवरचं आयस्कझी) तेव्हा, जेव्हा तुमची सगळी टीम आयस्कझीत (आयपीवरून डिस्क द्यायच्या पद्धतीत) मुरलेली आहे आणि चॅपचं (पासवर्डवालं) लॉगिन वगैरे तसंच हवंय. नुसतं आयस्कझी आयपीओआयबीवरून (इन्फिनिबँडवर चालवलेल्या साध्या आयपीवरून) चालवू नका, चालतं ते, पण टीसीपीच्या ओझ्याखाली सीपीयू दमतो आणि मग इन्फिनिबँड घेतलंच कशाला.

एनव्हीएमईसाठी दोन्हीकडे आयपीओआयबीचा पत्ता लागतो. तो फक्त समोरच्याला शोधण्यापुरता, खरा डेटा त्या इंटरफेसमधून जात नाही, म्हणून त्याचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) कमी दिसला तर उगाच टेन्शन घेऊ नका. स्टोरेजच्या बाजूला एनव्हीएमईटी-आरडीएमए मॉड्यूल लोड करा, कॉन्फिगएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग्ज फोल्डरसारख्या दाखवणाऱ्या जागेत) सबसिस्टिम बनवा, त्यात नेमस्पेसला डिस्कचा पाथ देऊन एनेबल करा, पोर्ट बनवून ट्रान्सपोर्ट आरडीएमए, पत्ता आणि ४४२० हा नंबर द्या, आणि सबसिस्टिमची लिंक पोर्टमध्ये टाका. कोणताही होस्ट चालेल हा पर्याय टेस्टिंग संपलं की बंद करायचा, परवानगी हवी त्याच होस्ट एनक्यूएनला (सर्व्हरच्या एनव्हीएमईमधल्या नावाला) द्यायची. सर्व्हरच्या बाजूला एनव्हीएमई डिस्कव्हर, मग एनव्हीएमई कनेक्ट, झालं. एक गंमत म्हणजे एकाच इमेजवरून क्लोन केलेल्या सर्व्हरमध्ये होस्ट एनक्यूएनची फाइल पण क्लोन होते, मग दोन सर्व्हर स्टोरेजला एकच वाटतात आणि परवानग्यांची खिचडी होते, क्लोननंतर ती फाइल नव्याने तयार करा.

एसआरपीला आयपी लागतच नाही, तिथे सगळं जीयूआयडीवर चालतं. एसआरपी डीमन चालू केला की तो टार्गेट शोधून आपणहून लॉगिन करतो, आणि शेअर्ड जाळ्यावर नेमका इथेच धोका आहे, नियम लिहिले नाहीत तर दिसेल त्या टार्गेटला जाऊन चिकटतो. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये हवी ती टार्गेट ए च्या ओळींनी अलाऊ करा आणि शेवटी नुसती डी ची ओळ टाकून बाकी सगळ्यांना नाही म्हणा.

समोर फायबर चॅनलचंच सॅन (स्टोरेजचं जाळं) असेल तर मधे गेटवे लागतो, जो इन्फिनिबँडकडून एसआरपी घेतो आणि पलीकडे फायबर चॅनलमध्ये बोलतो. सॅनच्या बाजूला प्रत्येक सर्व्हरसाठी तो वेगळा डब्ल्यूडब्ल्यूपीएन (फायबर चॅनलमधला पोर्टचा पत्ता) दाखवतो, झोनिंग आणि लन मास्किंग (कोणाला कुठला लन, म्हणजे स्टोरेजने दिलेली डिस्क, दिसावी ते ठरवणं) त्यावरच करायचं, सॅनवाल्या टीमला हे आधी सांगून ठेवा नाहीतर ते एचबीए (फायबर चॅनलचं कार्ड) शोधत बसतील.

एकच लन दोन सर्व्हरला दिसतोय म्हणून दोन्हीकडे एक्सटी४ माउंट करू नका, डेटाची वाट लागते, दोघांना एकमेकांचं लिहिलेलं कळत नाही. त्यासाठी जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ सारखी क्लस्टर फाइल सिस्टिमच लागते. एफएसटॅबमध्ये नेटडेव्ह पर्याय टाका म्हणजे बूट होताना लिंक यायच्या आधी माउंट करायला जाणार नाही, आणि एनव्हीएमईचं ऑटोकनेक्ट सर्व्हिसपण एनेबल करा.

दोन पोर्ट असतील तर दोन वेगळ्या स्विचला लावा. एनव्हीएमईला कर्नलचं स्वतःचं मल्टिपाथ (एकाच डिस्ककडे जाणारे अनेक रस्ते सांभाळणं) आहे, एसआरपी आणि आयसरला डीएम-मल्टिपाथ. प्रॉडक्शनला देण्याआधी फायोने (डिस्कवर लोड टाकायच्या टूलने) रीड लोड चालू ठेवून (राइट टेस्ट भरलेल्या डिस्कवर चुकूनही नको) एक केबल खरोखर उपटा आणि घड्याळ लावून बसा. एनव्हीएमईचा कंट्रोलर गेल्यावर परत जोडायचा प्रयत्न डीफॉल्टने ६०० सेकंद चालतो, पाथ एकच असेल तर तेवढा वेळ ॲप्लिकेशन लटकून राहू शकतं. एसआरपीला फास्ट आयओ फेल आणि डेव्ह लॉसचे टाइमआउट वेगळे असतात. हे आकडे डेटाबेसवाल्यांना विचारून, त्यांच्या टाइमआउटपेक्षा कमी ठेवा, आणि मग दुसरी केबल उपटून तेच परत बघा.