जांबाच्या पानांचा चहा, न उकळता

आमच्याकडं लातूर भागात पेरूला जांब म्हणतात आणि पोट बिघडलं की जांबाची कोवळी पानं चावायला द्यायची ही जुनी रीत, आता त्याचाच हर्बल टी लोक करायलेत, चांगलंय, पण दुधाच्या चहासारखं अर्धा तास खळखळ उकळतात आणि कडूजहर झालं म्हणून मोरीत ओतून देतात. पानातले पॉलिफेनॉल (पानाला तुरटपणा देणारे घटक, टॅनिन त्यातलंच) काढायला एवढं उकळायची गरजच नाही.

पानं सावलीत वाळवा, मुठीत दाबली की कुरकुर वाजली पाहिजेत. जाडसर चुरा करा, तुकडा बारीक असला की पाणी आत लवकर शिरतं, पण पार पीठ करू नका, गाळणीतून सगळा गाळ कपात येतो. 1 कप पाण्याला 1 चमचा चुरा. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून चुरा टाका, झाकण ठेवा, 10 मिनिटांनी गाळा, झालं.

खरी गोम पाण्यात आहे. आमच्या बोअरचं पाणी जड, हंड्याला पांढरा थर धरतो, पहिल्यांदा मी त्यातच केला तर गार झाल्यावर वर चकाकता तवंग आला, बोट लावलं तर सायीसारख्या सुरकुत्या पडल्या. पाण्यातलं कॅल्शियम पॉलिफेनॉलला धरून बसतं. तीच पानं फिल्टरच्या पाण्यात टाकली तर एकदम नितळ चहा! लोखंडी भांडंही नको, काळंशार होतं. दूध तर घालूच नका, त्यातलं प्रोटीन पॉलिफेनॉलला चिकटतं.

पोटात गेल्यावर यातलं थोडंच रक्तात शोषलं जातं, बाकीचं मोठ्या आतड्यात जातं आणि तिथले बॅक्टेरिया ते फोडतात. पानातलं टॅनिन तुरट असतं, आवळून धरतं, म्हणून पातळ संडासला बरं वाटतं, आणि म्हणूनच ज्यांना आधीच पोट साफ व्हायचा त्रास आहे त्यांनी याच्या नादी लागू नये. उपाशीपोटी घेतला तर मळमळतं. जेवताना तर नकोच, भाकरी-मेथीतलं लोह अंगी लागू देत नाही, तासभर जाऊ द्या, आणि घरात कुणाच्या अंगात रक्त कमी असेल तर हे जास्तच पाळा.

लेकराला जुलाब लागले असतील तर मात्र आधी ओआरएस पाजा, हा चहा त्याच्या जागी चालत नाही, आणि संडासवाटे रक्त दिसलं तर सरळ दवाखाना गाठा.