उलटलेल्या तारखा कशा सुलट केल्या

मी एका प्रादेशिक आंतरशासकीय संस्थेच्या सचिवालयात होतो. सदस्य देशांच्या मासिक अहवालांसाठी पोर्टल बांधत होतो. चाचणीत एका देशाचे आकडे भलत्याच महिन्यात दिसू लागले. दोन दिवस कोड तपासला. त्यात काहीच चूक नव्हती.

घोळ तारखांचा होता. काही देश दिवस आधी लिहीत, काही महिना. १३ ते ३१ तारखेच्या नोंदी अडत, कारण तेरावा महिना नसतोच. पण ०४/०७ निमूट आत शिरे आणि ४ जुलैची ७ एप्रिल होई. खरा धोका या न अडलेल्या नोंदींचा होता.

सर्वांना आयएसओ ८६०१ हे तारखा लिहिण्याचे आंतरराष्ट्रीय मानक, म्हणजे वर्ष-महिना-दिवस हा क्रम, बंधनकारक करा, असा प्रस्ताव मी मांडला. तो रखडला. आमच्याकडे निर्णय सहमतीने होत. शिवाय एखाद्या देशाच्या मंत्रालयाची प्रणाली बदलायची तर त्यांचे अंदाजपत्रक, त्यांची निविदा. माझी अपेक्षाच चुकीची होती.

मग बदल आमच्या बाजूला केला. प्रत्येक देशाच्या संपर्क अधिकाऱ्याकडून तारखेचा क्रम लेखी घेतला, तो त्या देशाच्या फायली पोर्टलमध्ये भरण्याच्या नियमात बांधला. साठवण फक्त ८६०१ मध्ये. पडद्यावर महिना अक्षरी, आणि अधिकाऱ्याने पाहून मान्यता दिल्याशिवाय आकडे प्रसिद्ध नाहीत. मूळ फायली आम्ही जपल्या होत्या, म्हणून जुने महिने पुन्हा भरता आले. त्या नसत्या तर प्रत्येक देशाकडे अधिकृत पत्र पाठवून महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली असती.