आवाज लेकराचाच असला तरी आधी फोन कट करा

सोयाबीनची पट्टी खात्यात जमा झाली आन चौथ्या दिवशी औशाच्या मावशीला फोन आला. रडका आवाज, हुबेहूब तिच्या पोराचा, पोरगं पुण्यात शिकायला. "मम्मी, मला पोलिसांनी धरलंय, कुणाला सांगू नको", एवढंच बोलणं आन लगेच दुसऱ्यानं फोन घेतला, मी इन्स्पेक्टर बोलतोय, 40 हजार टाका नाहीतर केस करतो. मावशी चप्पल घालून निघाली पण होती, शेजारच्या पोराकडून फोनपे करून घ्यायला. दारातच थबकली, कारण तिचं पोरगं तिला जन्मात मम्मी म्हणलं नाही, आमच्यात आईला बाई म्हणतेत.

दर वेळी असा शब्द सापडंलच असं नाही, म्हणून हे लिहायलोय. रीलमधला, स्टेटसमधला थोडासा आवाज मिळाला तरी एआय त्याची नक्कल करतंय. त्यामुळं असा फोन आला की कट करा, समोरचा कितीबी ओरडला तरी कट करा, घाई तो मुद्दाम करतो. मग आपल्याकडं सेव्ह असलेल्या नंबरवर स्वतः लावा, नाही लागला तर रूममेटला, मेसवाल्याला, ते नंबर आजच घेऊन ठेवा. आन घरात एक खुणेचा शब्द ठरवा, असा फोन आला की तोच विचारायचा, आमचा आबाच्या जुन्या बैलाच्या नावावरून हाय. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, समोरासमोर बसून ठरवा.

व्हिडिओवरचा चेहराबी खरा मानू नका. 2024 च्या जानेवारीत सचिन तेंडुलकरचा गेमिंग अ‍ॅपवाला खोटा व्हिडिओ फिरला, त्यानं स्वतःच सांगितलं की हा मी नाही. वर्दी घालून कॉलवर कुणी डिजिटल अरेस्ट, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच तुम्हाला अटक केली, म्हणलं तर कायद्यात असली अटकच नाही, बिनधास्त ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन मागितला म्हणजे तुमचे पैसे चाललेत. लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमधी अ‍ॅप टाकणारी फाइल, उघडू नका.

आन गेलेच पैसे तर त्याच मिनिटाला 1930 लावा, ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर हाय, बँकेलाबी कळवा, यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा नंबर) आन स्क्रीनशॉट जवळ ठेवा. जितकं लवकर सांगाल तितकी रक्कम मधीच अडवता येण्याची शक्यता जास्त. म्हाताऱ्या माणसावर तेवढं ओरडू नका बाबांनो, भिऊन ते दोन दिवस सांगतच नाहीत आन तोवर पैसा दहा खाती फिरतो. मावशीच्या घरी आता कॅलेंडरच्या वर खडूनं मोठ्ठं 1930 लिहिलंय, चष्मा नसला तरी दिसंल असं.