स्पॅनिशला जाताना मराठी सोबत न्या

पहिल्या तोंडी परीक्षेत मी ठसक्यात म्हणाले, ‘यो गुस्तो एल ते.’ मॅडमनी हसू दाबलं. “कुणाला आवडतेस तू? चहाला?”

डोक्यात ‘आय लाइक टी’ होतं, त्याचा हा प्रताप. मराठीतून गेले असते तर चूक झालीच नसती. मला चहा आवडतो: मे गुस्ता एल ते. मला आंबे आवडतात: मे गुस्तान लोस मांगोस. दोन्हीकडे क्रियापद चहा-आंब्यांच्या मागे जातं, माझ्या नाही.

म्हणून बीए स्पॅनिशला जाणार असाल तर वही अशी घाला: डाव्या पानावर स्पॅनिश, उजव्यावर मराठी. इंग्रजी अर्थ लिहायचाच नाही. (प्रवेशाची धास्ती नको. जेएनयूत सीयूईटी या प्रवेश परीक्षेतून जागा मिळते आणि भाषा अगदी शून्यापासून शिकवतात.) नाम लिहाल ते एल (पुल्लिंगी) किंवा ला (स्त्रीलिंगी) लावूनच लिहा. नपुंसकलिंग नाही म्हणून खूश होऊ नका, ‘ला मानो’ म्हणजे हात, आणि तो स्त्रीलिंगी.

सुबहुंतिबो, म्हणजे इच्छा, आशा, शंका सांगणारं क्रियापदाचं रूप, आला की वर्गात रडारड सुरू होते. आपण रडायचं कारण नाही. ‘किएरो के बेंगास’ म्हणजे ‘तू यावंस असं मला वाटतं’. त्या ‘यावंस’मध्ये अर्धा सुबहुंतिबो आहे. ‘ओहाला युएवा’ तर सरळ ‘पाऊस पडो’! सगळीकडे हे जुळत नाही, पण इच्छा आणि आशेची वाक्यं आधी अशी पक्की करा, शंका-नकाराची नंतर.

सेर आणि एस्तार या ‘असणे’च्या दोन क्रियापदांना मात्र मराठी पुरत नाही. ‘एस आबुर्रीदो’ म्हणजे माणूस कंटाळवाणा, ‘एस्ता आबुर्रीदो’ म्हणजे तो कंटाळलाय. आपल्याकडे दोन्हीकडे ‘आहे’च. इथे घोकंपट्टीला पर्याय मला तरी सापडला नाही.

साहित्याचा पेपर आला की बहुतेकजण गाइड उघडतात. त्याऐवजी एक उतारा घेऊन बसा. मी ‘लासारिल्यो दे तोर्मेस’ ही जुनी स्पॅनिश कादंबरी घेतली होती: 1554 सालच्या प्रती आहेत, लेखकाचं नाव नाही. आंधळा आणि त्याचा पोऱ्या द्राक्षांचा घड वाटून खातात. ठरलेलं असतं एकेक मणी. आंधळाच आधी दोन-दोन उचलू लागतो, मग पोरगं दोन-दोन, तीन-तीन. घड संपल्यावर आंधळा म्हणतो, तू तीन-तीन खाल्लेस. कशावरून? मी दोन-दोन खात होतो आणि तू गप्प होतास, त्यावरून.

आता क्रियापदं बघा. ‘कोमिया’, ‘कायाबास’: खात होतो, गप्प बसत होतास. ‘कोमी’ असतं तर एकदाच खाल्लं, आणि मग पुरावा उरला नसता. कितीतरी वेळ चाललेली लबाडी आणि तितकाच वेळ टिकलेली चुप्पी क्रियापदाच्या त्या ‘होतो-होतास’ काळातच पकडलीय. ‘कोमेंतारियो दे तेक्स्तो’मध्ये, म्हणजे उताऱ्याच्या रसग्रहणात, विषय, रचना, शैली असे रकाने भरायला सांगतात. भराच, पण असं एखादं क्रियापद हाती लागल्याशिवाय लिहायला घेऊ नका.

पुढे स्पेनमध्ये एमएचा विचार असेल तर डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेची बी 2 पातळी बरेचदा मागतात. तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत देऊन टाका, ते प्रमाणपत्र कालबाह्य होत नाही. आणि सालामांकाला गेलात तर रोमन पुलाजवळचा दगडी बैल बघून या. त्याच आंधळ्याने पोराचं डोकं त्याच्यावर आपटलं होतं, द्राक्षांच्या बऱ्याच आधी.