क्षमा करायला निघालात? आधी या चुका टाळा

दर रविवारी आमच्याकडे आठ-दहा जण ज्ञानेश्वरी वाचायला जमतात. वाचन तासाभराचं, चहा दीड तासाचा. चहाच्या वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, "ताई, मी माफ केलं हो त्यांना, पण डोक्यातून जात नाही." बारा वर्षं हे वाक्य ऐकतेय. माणसं बदलली, चुका त्याच.

क्षमा जाहीर करू नका

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून सविस्तर सांगते. वडील गेल्यावर धाकट्या भावाने हक्कसोडपत्र पुढे केलं. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत गेले, सही केली, अंगठा दिला. बाहेर आल्यावर भावाने उसाचा रस पाजला. तो रस पुढे सात वर्षं घशात अडकून राहिला. भाऊबीजेला ओवाळायची, हसायची आणि परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून त्याचे दोष मोजायची.

मग दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेले. दहाव्या दिवशी मौन सुटतं, मैत्रीभावना शिकवतात. सगळ्यांचं मंगल होवो म्हणताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाटलं, सुटले. अकराव्या दिवशी फोन हातात आला, तसा एसटी स्टँडवरूनच भावाला लावला. म्हटलं, "अरे, मी तुला माफ केलं."

तो जरा थांबला. मग म्हणाला, "कशाबद्दल, ताई?"

पुढची चाळीस मिनिटं मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. दोन गाड्या सुटल्या. शेजारच्या बाकावरचा म्हातारा उठून लांब जाऊन बसला. त्यानंतर भावाशी दोन वर्षं बोलणं बंद.

समोरच्याने मागितली नसताना दिलेली क्षमा म्हणजे आरोपपत्रच, वर आपण न्यायाधीश. आणि शिबिरात क्रम काय असतो तो बघा: पहिले तीन दिवस नुसता श्वास, चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना, मैत्री अगदी शेवटी. घाई असलेली मंडळी थेट दहाव्या दिवसापासून सुरू करू बघतात. आत काय जळतंय ते न बघताच वर चंदनाचा लेप.

आता मी वही ठेवते, शंभर पानी, साधी. राग आला की त्याच दिवशी लिहायचा, शिव्यांसकट. क्षमेबद्दल मात्र कुणाला अवाक्षर सांगायचं नाही. माझी सवय आहे, शास्त्र नाही.

"मी चांगली, तो वाईट" हा हिशेब

वहीत तिसऱ्या आठवड्यात गंमत झाली. सही का केली, या प्रश्नाला मी रोज एकच उत्तर लिहीत होते, माहेर तुटू नये म्हणून. खरं होतं, पण अर्धंच. एका रात्री हातून लिहिलं गेलं, "मोठ्या मनाची म्हणवून घ्यायला." जमिनीचा मोबदला मी आत्या-मावश्यांच्या कौतुकात वसूल केला होता. त्याखाली आणखी एक ओळ आली: ज्या वर्षी कांद्याचा भाव पडला आणि भावाला कर्ज काढावं लागलं, त्या वर्षी मला आतून बरं वाटलं होतं. ओवाळणारी मीच होते आणि त्याचं बुडावं असं वाटणारीही मीच.

"रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग" ही तुकोबांची ओळ लोक कर्जापासून परीक्षेपर्यंत कशालाही लावतात आणि "अंतर्बाह्य जग आणि मन" हा पुढचा चरण सोडून देतात. अर्धी लढाई आत आहे, हे सोयीचं नसतं ना.

ताटीच्या अभंगांचा विषय निघाला की आमच्याकडे कुणीतरी म्हणतंच, "माऊली रागावतील कसे?" अहो, लोकांच्या बोलण्याने दुखावून ते झोपडीचं दार लावून बसले आणि धाकट्या मुक्ताईला बाहेर उभं राहून विनवावं लागलं, अशीच तर कथा आहे. राग नव्हता म्हणायचं, तर ती पोर "ताटी उघडा" कुणाला म्हणत होती? दार लावून बसलेल्याच माणसाने "जे खळांची व्यंकटी सांडो" असं मागितलं. खळांचा नाश नाही मागितला, वाकडेपणा तेवढा गळून पडावा म्हणाले. पूर्वी मी ही ओळ भावाला डोळ्यांसमोर आणून म्हणायची. आता खळांच्या रांगेत स्वतःला उभी करते. कांद्याचं लिहिल्यापासून ते अवघड जात नाही.

याची उलट चूकही हल्ली फार दिसते. "मी माझी काळी बाजू स्वीकारली आहे" म्हणायचं आणि कामवाल्या बाईंवर खेकसायचं. ओळख पटली म्हणून चोराला तिजोरीची किल्ली देतं का कुणी? एका रविवारात 'सावली स्वीकारून देणाऱ्या' कार्यशाळांना माझा कोपरापासून नमस्कार.

बाकीच्या, थोडक्यात

क्षमा केली म्हणून हक्क सोडायचा नसतो. मनात आकस न ठेवता कोर्टात दावा चालवता येतो. हे मला कुणी वेळेवर सांगितलं नाही.

नवरा मारत असेल तर आधी त्या घरातून बाहेर पडा. क्षमेचं नंतर बघू, नाही जमली तरी चालेल.

नाथांच्या अंगावर एकशे आठ वेळा थुंकलेल्या माणसाची गोष्ट सुनांना ऐकवणं बंद करा. परत परत गोदावरीत उतरायचं नाथांनी स्वतः ठरवलं होतं, सासूने नाही.

संवत्सरीला, म्हणजे जैनांच्या क्षमा मागायच्या दिवशी, "मिच्छामि दुक्कडम्" चा एकच मेसेज दोनशे जणांना जातो. ज्याच्याशी भांडण झालंय तो नेमका त्यात नसतो. आमच्या शेजारच्या जैन काकू त्या दिवशी फक्त दोन-तीन दारं वाजवतात, जिथे खटका उडाला तीच.

"माफ करा आणि विसरा" म्हणणाऱ्यांचं स्वतःचं काही गेलेलं नसतं.

आणि "किती दिवस लागतात?" असं विचारू नका. एका मुलाने मला एकवीस दिवसांचा कार्यक्रम आखून मागितला. मी त्याला चहा दिला.

माझंच सांगते. भाऊ गेल्या भाऊबीजेला कांद्याची गोणी घेऊन आला. साठवणीच्या चाळीतला उन्हाळ कांदा दिवाळीपर्यंत थोडाफार सडतोच, हे शेतकऱ्याच्या मुलीला कळायला हवं. तरी तळाचे चार सडके निघाले तेव्हा पहिला विचार आला तो हाच, मुद्दाम दिले असतील. वहीत लिहून ठेवलंय. उरलेल्या कांद्यांची भजी त्याला त्याच संध्याकाळी खाऊ घातली.